नव्वदावा दिवस

चार वाजत आले तरी मार्लीसची गाडी अजून खडीच्या रस्त्यावरच होती. साडेचारला काउंटी ट्रेझररची कर भरायची खिडकी बंद होणार. ती सारखी घड्याळाकडे बघत होती. घर आज हातचं गेलं तर, या धास्तीने रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

बाजूच्या सीटवर बसलेला तिचा शेजारी, म्हातारा ऑर्विल त्वेइट, मात्र खुशाल पेपरमिंट चघळत होता. बायकोच्या आजारपणात त्याच्या घराचा कर थकला. काउंटीने ती थकबाकी लिलावात काढली, फ्लोरिडातल्या कुठल्याशा कंपनीने ती भरली, आणि आता कंपनीची नोटीस आली होती: नव्वद दिवसांत व्याजासकट पैसे भरा, नाहीतर घर आमचं.

"ॲरिझोनात माझ्या भावाला चांगली तीन वर्षांची मुदत मिळाली होती," ऑर्विल म्हणाला.

"तिथे कंपनीला कोर्टाची पायरी चढावी लागते. फ्लोरिडात घराचा पुन्हा लिलाव होतो. आपल्या आयोवात तसलं काही नाही. दिवस भरले की घर सरळ त्यांच्या नावावर."

"तुला बरं सगळं पाठ!"

"दर थंडीत महिनाभर बहिणीकडे फ्लोरिडाला जाते ना. कानावर पडतं."

"मी तर सोमवारीच धावणार होतो. नोटीस हातात पडली तेव्हापासून दिवस मोजत होतो. तू म्हणालीस, घाई नको, शुक्रवारपर्यंत मुदत आहे."

"नोटीस पोचल्याचा कागद कंपनी ऑफिसात दाखल करते, तिथून मोजतात. उगाच आधी पैसे का मोकळे करायचे?"

पुढे रस्त्यावर बर्फ साचलं होतं. तिने वेग आणखी कमी केला.

"मघाशी पेट्रोलला थांबलीस. टाकी तर अर्धी होती," तो म्हणाला.

"या थंडीत अडकलो तर? जीव जाईल आपला!"

ते पोचले तेव्हा दाराला आतून कडी होती. मार्लीसने दोनदा दार वाजवलं. कुणी आलं नाही. तिने म्हाताऱ्याला मिठी मारली, आणि तिला रडूच फुटलं.

"माझंच चुकलं, ऑर्विल. मला माफ करा."

त्याने तिच्या पाठीवर हलकेच थोपटलं.

"रडू नकोस, पोरी. पैसे मी सोमवारीच भरले. कागद कधी दाखल झाला ते ऑफिसवाले आणि कंपनीवाले सोडून कोणाला ठाऊक असणार? आज फक्त तू गाडी किती हळू चालवतेस, ते बघायला आलो."