आरशात दिसेनासं झालं की

"पुन्हा एकदा उचलून बघा," बखीत म्हणाला.

मुसल्लमने ट्रेलरची दांडी दोन्ही हातांनी वर ओढली. पिकअपच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर ती घट्ट बसली होती. गाडीचं बूड किंचित उचललं गेलं, पण दांडी सुटली नाही. मग तो साखळ्या लावायला खाली बसला. गुडघा कटकन वाजला. बखीतने ऐकलं असणारच, पण तसं दाखवलं नाही.

आठवड्यापूर्वी मुसल्लम तुफूलला मागणी घालायला गेला होता. तुफूलची हरकत नव्हती. पण निकाहात तिच्या बाजूने होकार द्यायचा तो बखीतने, आणि बखीत ना हो म्हणाला ना नाही. कॉफीचा पेला खाली ठेवून एवढंच म्हणाला, की शुक्रवारी होडी पाण्यात घालायची आहे, तेव्हा या.

म्हणून मुसल्लम दाढी कोरून, नवाकोरा पांढरा झगा घालून आला होता. त्या झग्याला आता वंगण लागलं होतं. प्रेमात पडलेल्या माणसाला कुठे काय घालून जावं याचं भान राहत नाही, आणि मुसल्लम तर गळ्यापर्यंत बुडाला होता.

साखळ्या त्याने दांडीखालून एकमेकींना छेद देऊन अडकवल्या. दांडी निसटलीच, तर रस्त्यावर न आपटता त्यांच्या झोळीत पडावी. बखीतने वाकून पाहिलं. होडीच्या बुडाचं बूच पिळून पाहिलं, पट्टा ओढून पाहिला. एकही चूक सापडली नाही, याचं त्याला जरा वाईटच वाटलेलं दिसलं.

"ही माझ्या वडिलांची होडी," तो म्हणाला. "ते गेल्यापासून कोणाच्या हाती दिली नाही."

"जपेन," मुसल्लम म्हणाला.

वडील गाडी मागे घ्यायचे तेव्हा मागे उभी राहून हात दाखवायची ती तुफूलच, असं बखीतने सांगितलं. आज तिच्या जागी तो उभा राहणार होता. "नियम तिचाच. मी आरशात दिसेनासा झालो, की थांबायचं."

मिरबात बंदराच्या धक्क्यावर गर्दी होती. मुसल्लमने गाडी पाण्यात जाणाऱ्या उताराला लावली आणि सावकाश मागे घेऊ लागला. आरशात बखीतचा हात दिसत होता. थोडं डावीकडे, आता सरळ. निम्मा उतार संपला आणि आरसा रिकामा झाला.

मुसल्लमने ब्रेक दाबला.

रांगेत खोळंबलेल्यांनी भोंगे वाजवायला सुरुवात केली. "मुसल्लम, डोळा लागला का रे?" कोणीतरी ओरडलं. "ओहोटीपर्यंत बसणार आहेस तिथे?" सगळे हसले. मुसल्लमला घाम फुटला. झालं, आपण हसं करून घेतलं, तुफूल हातची गेली, असं त्याला वाटलं. तरी त्याने गाडी तसूभर हलवली नाही. हातब्रेक ओढला, खाली उतरून चाकामागे दगड लावला आणि मागे गेला.

बखीत होडीच्या मागे, उताराच्या मधोमध उभा होता. होडीच्या बुडावर हात टेकवून.

"सरळ उतार होता," तो म्हणाला. "कोणीही तसाच मागे घेत आला असता."

"तुम्ही दिसत नव्हता."

"लोक हसताहेत."

"हसू देत."

बखीत होडीच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "ती कधीकधी दिवसदिवस गप्प असते. समोर असून दिसत नाही."

"मग मी थांबेन," मुसल्लम म्हणाला.

बखीतने मान वळवली. समुद्राकडे बघत बाहीने डोळे पुसले. मग संध्याकाळी घरी या म्हणाला, कॉफी ठेवायला सांगतो.

"तुमचे उपकार," मुसल्लम कसाबसा म्हणाला. "तुम्ही म्हणाल तेव्हा येतो."

बखीत दिवसभरात पहिल्यांदा हसला.

"आणि मला अहो-जाहो करणं आता बंद करा. तुमच्या निम्म्या वयाचा आहे मी. होणाऱ्या नवऱ्याने पोराला अहो म्हटलेलं ऐकून आई हसेल."