दाराचं माप

गिऱ्हाईक आटलं आणि पिढ्यान्‌पिढ्या शिडाच्या होड्या बांधणारी घरची शेड एकदाची विकली गेली. वर्षअखेरीस ती पाडणार होते. तरी बाबांनी हट्टाने शेवटची होडी बांधायला घेतलीच. सांगाडा उभा राहिल्यावर लेकीने सहज टेप लावला आणि कपाळावर हात मारला. पणजोबांपासून इथली प्रत्येक होडी दारातून निघेल एवढीच बांधायची पद्धत, आणि ही तर दारापेक्षा चांगली हातभर रुंद!

“बाबा, माप चुकलं तुमचं! आता ही बाहेर कशी काढायची?”

बाबांचा रंधा काही थांबला नाही.

“जन्मभर त्या दाराचं मुकाट्याने ऐकलं. आता भिंती पाडायला येतायत ना ते? येऊ देत की!”