एक पुकारा

“कागद नका बघू साहेब, मला पाठ आहे,” शिवणकाम करणारी बाई म्हणाली. “‘तीन वेळा पुकारूनही आई गैरहजर. सबब मुलीचा ताबा वडिलांकडे.’ नऊ वर्षं झाली.”

निवृत्त न्यायाधीशांनी तरीही कागद हातात घेतला. तो घडीवर फाटला होता. मागून चिकटपट्टी लावली होती.

दर शनिवारी सकाळी ते वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसत आणि कोणीही आलं तरी फुकट अर्ज लिहून देत. शहरात त्यांना घड्याळसाहेब म्हणत. पंचवीस वर्षं त्यांच्या न्यायालयात अकरा म्हणजे अकरा वाजत. एकही प्रकरण तुंबत नसे. साहेब खुर्चीतून उठले की भूक नसली तरी डबा उघडावा, असं वकील हसत म्हणत.

“मी आले होते,” बाई म्हणाली. “सकाळी नऊपासून बाकावर होते. पोरीला पाणी पाजायला नळावर गेले, तेवढ्यात एकदा पुकारलं असेल. तीनदा पुकारलं असतं तर धावत आले असते की. पाच वाजता शिपाई म्हणाला, बाई, तुमचं केव्हाच झालं. आठ दिवसांत पोर नेली.”

“अपील नाही केलं?”

“कुणाच्या जिवावर? आणि आता ताबा नकोच मला. तेरा वर्षांची झाली ती. गेल्या महिन्यात शाळेच्या फाटकाशी गाठलं, तर म्हणते, तू आलीच नव्हतीस, बाबांनी कागद दाखवलाय. म्हटलं, अगं, माझ्या मांडीवरच होतीस. चार वर्षांच्या पोरीला कुठलं आठवायला?” तिने बाहीला चिकटलेला दोरा काढला. “मी आले होते, एवढं लिहून द्या. तिला दाखवायला.”

“तुम्ही सांगून भागणार नाही, ताई. तुम्हाला तिथे पाहिलेला माणूस लागेल.”

“शिपायाने पाहिलं होतं. तो गेला मागच्या साली.”

न्यायाधीशांची नजर कागदाच्या तळाशी गेली. सही म्हणजे नुसती दोन वेटोळी होती. कोणालाही न वाचता येणारी. ती त्यांची होती.

नियम साधा होता. शिपायाने दाराबाहेर जाऊन नाव तीनदा पुकारायचं, मधे थांबायचं. त्या दिवशी एक्केचाळीस प्रकरणं होती. त्यांनी खुर्चीतूनच एक बोट वर केलं होतं. शिपायाला ती खूण ठाऊक होती. लेखनिकालाही ठाऊक होती. त्याने ‘तीन वेळा’ आधीच लिहून ठेवलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत शिपाई आत आला होता. “साहेब, त्या मुलीची आई बाहेर बसलीय. परत घ्यायचं का?” त्यांनी दार किलकिलं करून पाहिलं होतं. बाकावर बाई होती, मांडीवर झोपलेलं पोर होतं. “आता लिहून झालंय,” असं म्हणून त्यांनी दार लावलं होतं.

आज वयाकडे बोट दाखवून ‘आठवत नाही’ म्हणणं सोपं होतं. त्यांनी कोरा कागद ओढला आणि बराच वेळ लिहिलं. मग इतरांना दाखवत तसं तिलाही वाचून दाखवलं.

“‘सदर दिवशी ही आई न्यायालयात हजर होती. तिचं नाव एकदाच पुकारलं गेलं. दुपारी दीड वाजता ती मुलीला मांडीवर घेऊन बाकावर बसलेली मी स्वतः पाहिली.’” त्यांनी खाली पूर्ण नाव लिहिलं, हुद्दा लिहिला आणि सही केली.

बाई रडली नाही. फुंकर मारून तिने शाई वाळवली.

“तुम्ही पाहिलं होतं?”

“हो.”

“कुठून?”

“आतून.”

कागदाची घडी न घालता तिने तो पिशवीत ठेवला. दारापाशी पोहोचल्यावर ती थांबली.

“आणि पोरीने विचारलं, ‘पाहिलं होतं तर ते आजोबा तेव्हाच बोलले का नाहीत?’ तर तिला काय सांगू?”