त्रेपन्न मिनिटं

"याला स्क्रूच नाही, ताई," मेकॅनिक म्हणाला. "सगळं काचेच्या आत, आणि काच डिंकाने चिकटवलेली."

"मग सोडवा डिंक."

"काच फुटली तर माझं नाव घेऊ नका."

चार नंबरच्या खिडकीतल्या बाईने दोन्ही तळव्यांनी काच धरली. पडदा आणि कॉम्प्युटर एकाच अंगात असलेलं मशीन. दिसायला देखणं, उघडायला दगड. मेकॅनिक प्लास्टिकचं पातळ चाक कडेकडेने फिरवत होता. आत डिंक करकरत होता. खिडकीबाहेर चौदा माणसं ताटकळत उभी होती. कुणाला जन्माचा दाखला हवा होता, कुणाला मृत्यूचा.

रांगेत पहिला एक म्हातारा होता. बायकोच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी त्याची ही तिसरी खेप.

"बाई, आज तरी मिळेल का? की माझाही दाखला सोबतच काढताय?"

रांग हसली. म्हाताऱ्याच्या हातात तक्रारीचा फॉर्म होता. 'कोणाविरुद्ध' या रकान्यात त्याने ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'खिडकी क्रमांक चारची बाई'. लिहिलेलं तिला दिसावं असाच त्याने तो धरला होता.

दोन वर्षं हेच चाललं होतं. एक नोंद उघडायला मशीन चार-चार मिनिटं खायचं. पडद्यावर गोल फिरत राहायचं आणि शिव्या तिला पडायच्या. घरी सासूबाई म्हणायच्या, आमची सून म्हणजे वारा. इथे तिचं नाव गोगलगाय. 'संथ काम' म्हणून दोन नोटिसा येऊन गेल्या होत्या. कंत्राटी माणसाला तिसरी नोटीस म्हणजे घरचा रस्ता, आणि घरात कमावणारी ती एकटी.

मेमरी वाढवून द्या, असे तिने अकरा अर्ज केले होते. आज अचानक मेमरी आली होती. बोटभर लांबीची हिरवी पट्टी. सकाळी ती पट्टी हातात घेतल्यावर तिला रडूच यायचं बाकी होतं. एवढ्याशा तुकड्यासाठी दोन वर्षं.

शेवटी काच निघाली. आत धुळीचा गालिचा. मेकॅनिकने फुंकर मारली, रिकाम्या खाचेत पट्टी दाबली. टक् आवाज आला. काच पुन्हा चिकटवली. या सगळ्या वेळात तिने हात काढला नाही. बोटं बधिर झाली होती.

मशीन सुरू झालं. तिने म्हाताऱ्याच्या बायकोचं नाव टाकलं. पडद्यावर गोल फिरायला लागलं. फिरतच राहिलं.

"झालं कल्याण," म्हातारा म्हणाला.

मेकॅनिकच्या कपाळाला आठ्या पडल्या. कोण किती मेमरी खातंय त्याची यादी त्याने उघडली. पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं.

"हा बघा, ताई. जुनी मेमरी हा एकटाच गिळत होता. आता नवीवर बसलाय. तुमच्या दाखल्यांना उष्टंखरकटं."

"कसला प्रोग्राम आहे हा?"

"तुमच्यावर नजर ठेवणारा. दर सेकंदाला पडद्याचा फोटो काढतो. तुम्ही किती भराभर काम करता ते मोजतो."

"कधी टाकला?"

त्याने तारीख काढून दाखवली. पहिल्या नोटिशीच्या एक महिना आधीची. त्याआधी सहा वर्षं ती याच खुर्चीत बसत होती, आणि कुणी तिला संथ म्हटलं नव्हतं.

"काढून टाकू?" मेकॅनिकने विचारलं.

"हात लावायचा नाही." मागे साहेब येऊन उभे होते. "ही मेमरी त्याच्यासाठीच मंजूर झालीय. त्याची नवी आवृत्ती येतेय, तिला जागा जास्त लागते. तुमचे अर्ज कपाटात आहेत, बाई."

"साहेब, याच्यामुळेच मशीन अडतंय. मी संथ नाही."

"तुम्ही काय म्हणता ते मी बघत नाही. रिपोर्ट काय म्हणतो ते बघतो."

तेवढ्यात पडद्यावर एक चौकट उघडली. झटकन उघडली. दोन वर्षांत या मशीनवर काहीही इतक्या झटकन उघडलं नव्हतं.

खिडकी क्रमांक चार. काम बंद: त्रेपन्न मिनिटं. कारण: कर्मचारी. नोटीस: तिसरी.

तिने ते वाचलं. साहेबांकडे पाहिलं. साहेब दुसरीकडे पाहत होते.

ती उठली. एकाच अंगाचं मशीन, फिरवायलाही सोपं. तिने ते दोन्ही हातांनी उचललं आणि त्याचं तोंड रांगेकडे केलं. इतकी वर्षं रांगेने त्याची नुसती पाठच पाहिली होती.

"बाई, हे काय चाललंय?" साहेब म्हणाले.

म्हाताऱ्याने चष्मा चढवला. चौकटीतली प्रत्येक ओळ त्याने मोठ्याने वाचली, पार मागच्या माणसाला ऐकू जाईल अशी. कोणी हसलं नाही.

"त्रेपन्न मिनिटं ही काच धरून उभी होती," तो म्हणाला. "मी समोरच होतो."

मग त्याने तक्रारीचा फॉर्म खिडकीच्या फळीवर ठेवला. दोरीला बांधलेलं पेन ओढून घेतलं. 'कोणाविरुद्ध' या रकान्यात लिहिलेलं सावकाश खोडलं आणि मान वर केली.

"साहेब, तुमचं पूर्ण नाव सांगा."