उतरलेले सेल

म्हसा गावच्या जत्रेत मारक्या बैलाची टिंगल करणारं गाणं महादूने तरुणपणी गायलं होतं. त्याच्या लेकीने, सारिकाने, ते जुन्या कॅसेटवरून फोनमध्ये घेऊन दुर्मिळ संगीताच्या ग्रुपवर टाकलं, तर ग्रुप गहिवरलाच. “असा संथ, असा दुखावलेला आवाज कधी ऐकला नव्हता.” मग तिच्या लक्षात आलं, सेल उतरल्याने टेपच रखडत होता. नवे सेल घालून तिने गाणं पुन्हा टाकलं, तसं लिहिलंही. लोक भडकले. म्हणे, कुणीतरी वेग वाढवलाय. “अहो, गाणारे माझे वडील आहेत, समोरच बसलेत,” तिने वैतागून कळवलं. ॲडमिनचं उत्तर आलं, “ताई, आधी कलाकाराची वेदना समजून घ्या.” डोक्याला हात लावून तिने संथ गाणं बापालाच ऐकवलं. “कोन रडतोय गो?” “तूच, बाबा. काढून टाकते.” “नको गो,” महादू म्हणाला. “मी मेल्यावर तेच लाव.”