सरळ चीर

बर्फ वितळल्यावर स्मोगेनच्या धक्क्यावर फोल्केची होडी पाण्यात उतरवायची होती. त्याआधी तॉर्ग्नी मेकॅनिकने इंजिन तपासायला घेतलं. इंजिनाचा दांडा होडीबाहेर पंख्याकडे जातो, तिथे पाणी अडवणाऱ्या घड्याघड्यांच्या रबराला सरळ चीर गेलेली होती. जुनं रबर असं फाटत नाही. हे सुरीचं काम होतं.

तॉर्ग्नीला फोल्केचा मुलगा आठवला. "बाबांचे गुडघे गेलेत, यंदा त्यांना समुद्रावर सोडू नकोस," असं तो परवाच बजावून गेला होता.

"फोल्के, नवं रबर आहे माझ्याकडे, संध्याकाळपर्यंत बसवतो. पण पोराशी एकदा बोल बाबा. हे त्यानंच कापलंय."

"त्याला कशाला मध्ये ओढतोस? मी कापलंय." फोल्के पाण्याकडे बघत म्हणाला, "शेवटच्या फेरीला घरची वाटच आठवेना रे. त्याच त्या बेटांमधून दुपारभर फिरत होतो."

"मग सांग की पोराला."

"तो गुडघ्यांच्या काळजीत आहे. तेवढीच राहू दे."

तॉर्ग्नीने इंजिनावरचं झाकण लावलं.

"पार्ट मिळत नाही म्हणून सांगतो," तो म्हणाला.