बरोसाची बाटली

उत्कर्षने वाइन ओतून ठेवलेलं काचेचं भांडं, डिकँटर, टेबलावर आणून ठेवलं आणि पहिला ग्लास मधूच्या हातात दिला.

"मधूदा, तुमच्याच बाटलीतली. तुम्ही बोलल्याशिवाय कोणी हात लावणार नाही."

जर्मनीत, कोलोनमधल्या या चार मराठी घरांत वाइनबद्दल बोलायचा मान मधूचा होता. तरुणपणी तीन वर्षं तो ऑस्ट्रेलियात, अ‍ॅडलेडला नोकरीला होता. शनिवार आला की बरोसा खोऱ्यातल्या द्राक्षमळ्यांतून हिंडायचा. तिथून आणलेली ही शेवटची बाटली, कॅबर्ने आणि शिराझ या दोन द्राक्षांची एकत्र केलेली, १९९८ सालची. आज उत्कर्षच्या चाळिशीला त्याने ती भेट दिली होती.

मधूला वास येत नव्हता. दोन वर्षांपूर्वी कोविडमध्ये गेला तो परत आलाच नाही. खारट, आंबट, गोड तेवढं जिभेला कळे; बाकी सगळं पाणी. हे त्याने फक्त बायकोला, चारुलताला सांगितलं होतं.

त्याने ग्लास खिडकीकडे धरला. रंग काठापर्यंत जांभळा होता. इतक्या जुन्या वाइनचा काठ विटकरी व्हायला हवा. तो क्षणभर थांबला. सगळे त्याच्याकडे बघत होते.

"सत्तावीस वर्षं झाली," तो म्हणाला, "आणि रंग बघा कसा टिकलाय!"

मग त्याने ग्लास नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

"काय काय येतंय?" उत्कर्षच्या बायकोने, ईप्सिताने विचारलं.

"आधी निलगिरी. तिथे मळ्यांच्या कडेने निलगिरीची झाडं असतात. वाऱ्याबरोबर त्यांचं तेल द्राक्षांच्या सालीवर बसतं. मग चामडं. थोडा तंबाखू. आणि अगदी शेवटी तिथली ती तांबडी माती."

"माती पण?"

"माती तर असतेच. नीट घ्यावा लागतो वास."

कोणीतरी खोकलं.

"चारूवहिनी, तुम्हाला येतेय का हो माती?" उत्कर्षने विचारलं.

"तिला काय विचारतोस?" मधू म्हणाला. "तिला कोकम सरबत दे."

चारुलता हसली. नेहमी हसायची तशीच.

उत्कर्ष स्वयंपाकघरात गेला आणि दोन वस्तू घेऊन आला. एका हातात सुपरमार्केटमधल्या स्वस्त वाइनचं पुठ्ठ्याचं खोकं. दुसऱ्या हातात मधूची बाटली. पिवळं पडलेलं लेबल, बुचावरचं वेष्टन जसंच्या तसं.

"मधूदा, तुमच्या ग्लासात हे आहे," तो खोकं हलवत म्हणाला.

आधी ईप्सिता हसली. मग सगळेच. उत्कर्षच्या डोळ्यांत पाणी आलं. "खोक्यातून तांबडी माती! निलगिरी!"

मधूही हसला. इतरांचं हसणं थांबलं तरी तो थोडा वेळ हसतच होता.

"तुला कोणी सांगितलं?" त्याने विचारलं.

ईप्सिताची नजर चारुलताकडे गेली आणि परत आली. चारुलता मांडीवरच्या नॅपकिनची घडी घालत होती. घडी झाली, तशी तिने ती मोडली आणि पुन्हा घालायला घेतली.

उत्कर्षने मधूची बाटली उघडायला घेतली, तर बुचाचा अर्ध्यात तुकडा पडला. उरलेलं त्याने चमच्याच्या दांड्याने आत ढकललं आणि वाइन चहाच्या गाळणीतून ग्लासांत ओतली. सगळ्यांना दिली. मधूपाशी येऊन तो थांबला.

"तुम्हाला खोक्यातलीच चालेल ना? ही उगाच वाया जाईल."

"चालेल की," मधू म्हणाला.

टेबलावर हळूहळू आवाज कमी झाला. समोर बसलेल्या यशपालने ग्लास नाकाशी नेला आणि तो तसाच राहिला. "बाप रे," तो एवढंच म्हणाला. जो तो आपापल्या ग्लासात नाक घालून बसला होता.

मधू प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होता. ही बाटली त्याने बावीस वर्षं तळघरात आडवी ठेवली होती. चार घरं बदलली, पण दर वेळी ती स्वेटरात गुंडाळून मांडीवर घेऊन गेला होता.

तो बायकोकडे झुकला.

"चारू," तो हळूच म्हणाला. "सांग ना. कसा येतोय वास?"

चारुलताने ग्लास उचलला. वास घेताना तिचे डोळे आपोआप मिटले. बराच वेळ मिटलेलेच राहिले. मग तिने ते उघडले.

"वाइनसारखा," ती म्हणाली, आणि ग्लास पुन्हा नाकाशी नेला.